आधी चादरीवर कोण बसणार ते मोजा, मग डबा निवडा

दिवाळीचा बोनस झाला की आमच्या सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यातली दोन-तीन पोरं हमखास माझ्या टेबलापाशी घुटमळतात. "मॅडम, तुमच्याकडं रविवारी खेळता ना ते डब्यातले खेळ, बोर्डगेम म्हणतात ते, त्यातला एक घ्यायचाय. कुठला घेऊ सांगा की." मी तिथं हिशेब लिहिते. पगाराच्या शंका आणि खेळाच्या शंका, दोन्ही एकाच टेबलावर येतात. नाव सांगायच्या आधी मी उलट विचारते, चादरीवर बसणार कोण कोण?

पोरं वैतागतात. पण नाव आधी आणि माणसं नंतर असं केलं की काय होतं, ते मी स्वतःच्या पैशानं शिकले आहे. सात वर्षांपूर्वी कुठल्याशा यादीत वरचा नंबर बघून मी एक भलाथोरला डबा मागवला. शेती, गोठे, लाकडाच्या इवल्या इवल्या मेंढ्या, बघूनच जीव हरखला. रविवारी सात माणसं गोळा केली. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं, खेळ चौघांचा. म्हटलं, जोड्या करू. सव्वा तास मी नियम सांगत होते. शेवटी मामा म्हणाले, "चहा टाका की आता." चहा झाला आणि चादरीवर परत कुणी आलं नाही. त्या मेंढ्या सासूबाईंनी पुढच्या दिवाळीत नातवाच्या किल्ल्यावर चरायला सोडल्या.

तेव्हा पुढचं सगळं, ज्यांच्या घरात आजवर लूडो, सापशिडी, कॅरम आणि 'व्यापार' एवढंच आलंय त्यांच्यासाठी.

'व्यापार'पेक्षा यात वेगळं काय

'व्यापार' खेळताना घरात कुणीतरी रुसून उठलेलं तुम्हाला आठवत असेल. त्यात तुमच्या माणसांचा दोष नाही, खेळच तसा रचलेला आहे. 'व्यापार' हा मोनोपॉलीचा आपल्याकडचा भाऊ. मोनोपॉलीची आजी म्हणजे लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी 1904 साली पेटंट घेतलेला खेळ. जमीन एकाच्या हाती गेली की भाडं भरणारे कसे धुऊन निघतात, हे लोकांना दाखवायला बाईंनी तो केला होता. एकानं गब्बर व्हायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून दिवाळं काढायचं, हाच त्याचा गाभा. मग दिवाळं निघालेला भाचा उरलेला दीड तास काय करणार? पंख्याकडं बघत बसणार.

नवे खेळ बहुतेक करून ही चूक टाळतात. मध्येच कुणी बाद होत नाही. डाव कधी संपणार हे पहिल्यापासून ठाऊक असतं: इतके गुण झाले की, इतक्या सोंगट्या संपल्या की. आणि फासा असलाच तरी फासा पडल्यावर तुम्हाला काहीतरी ठरवायचं असतं. लूडोत सहा पडला तर गोटी निघाली, नाही पडला तर नाही, तुमचं डोकं घरी ठेवलं तरी चालतं. इथं ते सोबत आणावं लागतं, पण थोडंच. निदान पहिल्या खेळात थोडंच लागावं, ही निवडीची पहिली अट.

या खेळांचं मोठं माहेर जर्मनी. तिथं 1979 पासून दर वर्षी 'श्पील डेस यारेस', म्हणजे वर्षाचा खेळ, असा एक मान देतात. डब्यावर लाल सोंगटीचं चिन्ह दिसलं तर समजायचं, हा घरच्या माणसांनी मिळून खेळायचा खेळ आहे आणि समीक्षकांच्या पंचमंडळानं तो खेळून पाहिलाय. काळपट करड्या सोंगटीचा मान 2011 पासून सुरू झाला, तो मुरलेल्या खेळाडूंसाठी. निळी सोंगटी लहान मुलांसाठी. माझा नियम सोपा: पहिली खरेदी लाल सोंगटीची. लाल सोंगटी नसलेलेही चांगले खेळ आहेत, पण ते ओळखायला आधी चार खेळ खेळलेले असावे लागतात.

माणसं मोजायची म्हणजे काय काय मोजायचं

आधी डोकी. डब्यावर 2-4 लिहिलं असेल आणि तुमच्याकडं नेहमी पाच जण असतात, तर तो डबा तुमचा नाही. "एखादा बघत बसेल" हे फक्त पहिल्या रविवारी चालतं. 3-4 लिहिलंय आणि घरात नवरा-बायको दोघंच, तरी तेच.

मग भाषा. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या याद्यांमध्ये कुणी धड सांगत नाही, आणि सोलापुरात तीच सगळ्यात महत्त्वाची. आमच्या चादरीवर मी मराठी. सासूबाईंचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, त्यांना राग आणि आनंद दोन्ही कन्नडमधून येतो. वरच्या मजल्यावरच्या अक्का तेलुगू. समोरच्या खाला दखनी बोलतात. पोरं मराठी शाळेत, पण मोबाइल इंग्रजीत. अशा बैठकीत ज्या खेळाच्या प्रत्येक पत्त्यावर तीन ओळी इंग्रजी आहे, तो खेळ म्हणजे माझ्या मुलीला दुभाष्याची नोकरी. ती पत्ता हातात घेऊन कानात सांगणार, म्हणजे पत्ता उघड झालाच! म्हणून घेण्याआधी पत्त्यांचे आणि पटाचे फोटो बघा. रंग, चित्र, आकडे एवढंच दिसत असेल तर घ्या. नियमांचं पुस्तक इंग्रजी असलं तरी बिघडत नाही, ते एकानं वाचलं की झालं.

तिसरं, डोळे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ट्यूबलाइटखाली त्यांना लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. काही पुरुषांना लाल-हिरव्याचा फरक जन्मापासून कळत नाही आणि ते कुणाला सांगत नाहीत. रंगासोबत आकार किंवा खूणही असलेला खेळ असेल तर हा प्रश्नच मिटतो.

वेळेचं म्हणाल तर डब्यावर 45 मिनिटं लिहिलं असेल तर पहिल्या वेळी दीड तास धरा. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाण्याच्या दिवशी लांबलचक डाव मांडायचा नाही, हा आमच्या बैठकीचा लिहून ठेवलेला नियम आहे. पाणी आलं की निम्मा पट उठतो, आणि बादल्या भरून आल्यावर पाळी कुणाची होती यावर भांडण.

आणि स्वभाव. तुमच्या घरात कोण हरल्यावर रुसतं, कोण दुसऱ्याचे पत्ते खेळतं, कोणाला गप्पाच मारायच्या असतात, हे तुम्हाला कुठल्याही यादीपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याचा उपयोग करा.

'बोर्डगेमगीक' नावाच्या संकेतस्थळावर 2000 सालापासून जगभरच्या खेळांची नोंद आहे. तिथं खेळाचा 'वेट', म्हणजे तो डोक्याला किती जड, हे एक ते पाच अशा आकड्यात दिलेलं असतं. दोनच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. अडीचच्या वर असेल तर पहिला म्हणून नको. लोकांची तिथली आवडनिवड मात्र मनावर घेऊ नका, ती मुरलेल्यांची असते. माझ्या मेंढ्या त्याच वाटेनं आल्या होत्या.

विकत घेण्याआधी एक खेळ फुकट खेळून बघा

आपल्या माणसांना हे असलं आवडणार का, याचीच शंका असेल तर हजारो रुपये घालू नका. 'नो थँक्स' नावाचा एक छोटा पत्त्यांचा खेळ आहे, 2004 चा, थॉर्स्टन गिमलर यांचा. जुन्या लग्नपत्रिकांचे सारखे तुकडे कापा आणि त्यांवर 3 ते 35 आकडे लिहा. तेहतीस पत्ते झाले. पिसून त्यातले नऊ न बघता बाजूला ठेवा. तीन ते पाच भिडू घ्या आणि प्रत्येकाला अकरा चिंचोके द्या. शेंगदाणे देऊ नका, सोलापुरात ते डाव संपेपर्यंत टिकत नाहीत.

वरचा एक पत्ता उलटायचा. पाळी ज्याची त्यानं एक तर तो पत्ता घ्यायचा, नाही तर त्यावर आपला एक चिंचोका ठेवून "नको" म्हणायचं आणि पुढच्याकडं सरकवायचा. जो पत्ता घेईल त्याला त्यावर साठलेले चिंचोके मिळतात आणि पुढचा पत्ता तोच उलटतो. चिंचोके संपले की घ्यावाच लागतो. शेवटी पत्त्यांवरच्या आकड्यांची बेरीज, वजा उरलेले चिंचोके. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. गंमत एवढीच की ओळीनं आलेल्या आकड्यांत फक्त लहानात लहान मोजतात: 27, 28, 29 असे तिन्ही असतील तर 27 च. म्हणजे 29 माझ्यासाठी फुकट आणि तुमच्यासाठी विष. मग मी तो लगेच घेऊ, की अजून एक फेरी फिरवून तुमचे चिंचोके गोळा करू? आणि हातात नुसता 27 असताना 29 घेतला, पण बाहेर ठेवलेल्या नऊ पत्त्यांतच 28 गेला असेल तर?

आमच्याकडं या खेळाला आता 'ब्याड' म्हणतात. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी प्रत्येक पत्त्यावर चिंचोका आपटून "ब्याड, ब्याड!" असा कन्नड धोशा लावला, तेच नाव पडलं. त्या दिवशी चार डाव झाले. तुमच्याकडं दुसरा डाव कुणी आपणहून मागितला तर समजा, डब्यावर पैसे घालायला हरकत नाही. कुणीच मागितला नाही तर लग्नपत्रिकांपलीकडं काही गेलं नाही.

दुसरा असाच घरी करण्यासारखा म्हणजे 'कोडनेम्स'. व्लादा ख्वातिल या चेक गृहस्थांचा, 2015 चा, पुढच्या वर्षी लाल सोंगटी मिळालेला. विकतच्या डब्यात इंग्रजी शब्द येतात आणि आमच्या बैठकीत तिथंच गाडी अडते. चित्रांची आवृत्ती आहे, पण मी म्हणते मराठी चिठ्ठ्याच करा. पंचवीस चिठ्ठ्या पाच बाय पाच मांडायच्या. दोन गट, प्रत्येकाचा एक कप्तान. दोन्ही कप्तानांपुढं एक चौकटींचा कागद, जो बाकी कुणी बघायचा नाही: नऊ घरं पहिल्या गटाची, आठ दुसऱ्याची, सात कुणाचीच नाहीत, एक काळं. कप्तानानं एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं, आणि गटानं आपली घरं ओळखायची. काळ्या घरावर बोट ठेवलं की डाव तिथंच हरला.

सगळी मजा शब्द निवडण्यात आहे. दोन-दोन अर्थांचे मराठी शब्द घ्या: पाट, माग, हार, नाव, घाट, पान, वार, चाल, अंक, फळ. आमच्याकडं एकदा मुलीनं "पाणी, तीन" अशी खूण दिली. तिच्या मनात घाट, नाव आणि कालव्याचा पाट. मामांनी घाट ओळखला, नाव ओळखली आणि पाटापाशी अडले, कारण त्यांच्या डोळ्यांपुढं जेवायला बसायचा पाट. शेवटी पान उचललं, विड्याच्या पानावर पाणी शिंपडतात म्हणून. पान काळं होतं.

आता डबे

पहिलाच डबा आणि तीन ते पाच माणसं असतील तर माझं उत्तर 'टिकेट टू राइड'. अ‍ॅलन मून यांचा, 2004 चा, त्याच वर्षीची लाल सोंगटी. पट अमेरिकेचा, प्रत्येकाला आगगाडीचे प्लास्टिकचे पंचेचाळीस डबे. पाळी आली की तीनपैकी एकच काम: रंगीत पत्ते घ्या, किंवा जमलेले पत्ते देऊन दोन गावांमध्ये रूळ टाका, किंवा नवी तिकिटं घ्या. तिकिटावर दोन गावं असतात. ती जोडली तर गुण, नाही जोडली तर तेवढेच वजा. कुणाचे डबे दोन किंवा त्याहून कमी उरले की प्रत्येकाची एकेक पाळी आणि डाव बंद. एवढं सांगायला दहा मिनिटं लागतात. रंगांसोबत खुणाही आहेत, म्हणून सासूबाईंचं अडत नाही.

आमच्या मामांनी सगळी नोकरी रेल्वेत, सोलापूर विभागात काढली. डेन्व्हरला चहूकडून रूळ येतात म्हणून त्यांनी त्याचं नाव कुर्डुवाडी ठेवलं, आणि आता आम्ही सगळे तेच म्हणतो. माझ्या मेंढ्यांवरून उठून गेलेला माणूस या खेळात रात्री साडेदहापर्यंत बसला. नवख्यांना एक सांगून ठेवा: सुरुवातीला तीन तिकिटं येतात, त्यातली निदान दोन ठेवावी लागतात. सिअ‍ॅटल ते न्यूयॉर्क 22 गुणांचं आहे म्हणून हुरळून जाऊन दोन-दोन लांबची तिकिटं धरून ठेवू नका. आणि खरेदी करताना बघा, भारताचा नकाशाही निघालाय, पण तो जोड-नकाशा आहे. त्यात डबे आणि पत्ते नसतात, मूळ खेळ लागतोच. आमच्या कारखान्यातल्या एकानं नुसता तोच मागवला आणि मग माझ्याकडं आला.

घरात रमी चालत असेल तर पत्ते बदलायचीही गरज नाही. 'रमीक्यूब' घ्या. तो जुनाच, 1980 ची लाल सोंगटी, दोन ते चार जणांचा. एक ते तेरा आकडे, चार रंग, प्रत्येक दोनदा, दोन जोकर, अशा 106 ठोकळ्या. पहिल्यांदा उतरायला 30 गुण लागतात, आणि एकदा उतरलात की दुसऱ्याच्या मांडलेल्या ओळी मोडून नव्या लावता येतात. रमीवाल्यांना याचं वेड लागतं. फक्त त्याच्या रंगांत लाल आणि नारिंगी जवळजवळ येतात, म्हणून आम्ही नारिंगी ठोकळ्यांच्या मागच्या बाजूला खूण न करता पुढं, आकड्याखाली नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. (मागं खूण केली तर काय होतं ते विचारू नका. खालांनी तीन डाव सलग जिंकले होते.)

'अझूल' हा मिखाएल कीसलिंग यांचा, 2018 ची लाल सोंगटी. पोर्तुगालमधल्या भिंतींवरच्या चकचकीत फरश्यांवरून सुचलेला. शंभर छोट्या फरश्या, पाच रंगांच्या. मधल्या ताटल्यांतून एकाच रंगाच्या सगळ्या उचलायच्या आणि आपल्या ओळीत लावायच्या, जास्तीच्या खाली पडून गुण कापतात. एक अक्षर वाचावं लागत नाही. दिसायला गोड, पण दुसऱ्या डावापासून लोक मुद्दाम नको त्या फरश्या पुढच्याच्या गळ्यात मारायला शिकतात. रुसणारं माणूस असेल तर हा दुसरा-तिसरा खेळ म्हणून ठेवा.

'दीक्षित' म्हणून विचारू नका, नाव 'दिक्सिट' आहे, माझ्या नवऱ्याला अजून ते कुणा ओळखीच्याचं आडनाव वाटतं. 2010 ची लाल सोंगटी. स्वप्नातल्यासारखी 84 चित्रं. एकानं आपल्या पत्त्यावर एखादा शब्द किंवा वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी आपल्या हातातला त्याला जुळणारा पत्ता द्यायचा, आणि मग त्यात सांगणाऱ्याचा कुठला ते ओळखायचं. सगळ्यांनी ओळखला तर सांगणाऱ्याला शून्य, कुणीच ओळखला नाही तरी शून्य. अक्का एकदा एका काळ्या ढगाच्या चित्राला नुसतं "अत्त" म्हणाल्या. तेलुगूत सासू. चारही भाषांतल्या बायकांनी तो पत्ता एका क्षणात ओळखला आणि अक्कांना शून्य मिळालं. गप्पिष्ट बैठकीला याच्यासारखा खेळ नाही. हिशेबी पुरुषांना तो पहिल्या वेळी बावळट वाटतो, वाटू द्या.

दोघंच असाल तर वेगळं दुकान. 'पॅचवर्क' हा उवे रोझेनबर्ग यांचा, 2014 चा, खास दोघांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर वाकळ शिवायची. नऊ बाय नऊचा पट, चित्रविचित्र आकाराचे तुकडे, पैशाऐवजी बटणं. शेवटी जितकी घरं उघडी राहिली त्याच्या दुप्पट गुण वजा. वेळेच्या पट्टीवर जो मागं असतो त्याची पाळी, त्यामुळं कधी कधी एकालाच सलग दोनदा खेळायला मिळतं. आयुष्यभर चादरी-टॉवेलचे तुकडे बघितलेल्या माझ्यासारखीला तो लगेच हाताला बसला. नवऱ्याला 'जयपूर' आवडतो, सेबास्तियां पोशाँ यांचा 2009 चा: कापड, मसाले, चांदी असा माल आणि उंट बदलत बसायचे. अर्ध्या तासात आटोपतो. दोन्ही वाईट नाहीत.

'कटान'बद्दल सगळेच विचारतात. क्लाउस टॉयबर यांचा 1995 चा, याच खेळामुळं बाहेरच्या जगाला जर्मन खेळांची गोडी लागली. मेंढ्या द्या, विटा घ्या, अशी घासाघीस मराठीत फार रंगते. पण तो तीन-चार जणांचा, आणि पहिली दोन घरं चुकीच्या जागी पडली की पुढचा तासभर हात चोळत बसावं लागतं. म्हणून पहिला नको, तिसरा घ्या. आणि घेतलात तर नियमपुस्तकात नवख्यांसाठी आखून दिलेली मांडणीच वापरा.

सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध खेळायचे खेळही असतात. त्यात 'पँडेमिक' सगळ्यात गाजलेला, मॅट लीकॉक यांचा, 2008 चा, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधीचा. रुसणाऱ्यांना वाटतं हे बरं, कुणी हरत नाही. पण घरात एक जण जरी हुकूम सोडणारा असला तर बाकीचे तिघं त्याची प्यादी होतात. आणि ज्या घरातलं माणूस त्या दोन वर्षांत गेलंय तिथं साथीच्या रोगाचा डबा काढूच नका. त्यापेक्षा 'हनाबी' बघा, 2013 ची लाल सोंगटी: आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, समोरच्यांना दिसतात, आणि मोजक्याच खुणा देता येतात. हुकूमशहाचं तोंड आपोआप बंद.

पंखा, चादर आणि चटणी

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, आणि पंखा बंद करा म्हणणाऱ्याला कुणी घरात ठेवत नाही. म्हणून उन्हाळ्यात ठोकळ्यांचे आणि फरश्यांचे खेळ, अझूल, रमीक्यूब. पत्त्यांचे खेळ हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत. नाही तर प्रत्येक गठ्ठ्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा.

खाली सोलापुरी चादर अंथरा. फरशीवर चिकटून बसलेला पत्ता नखानं काढताना वाकतो, चादरीवरून अलगद उचलतो. फक्त 'कार्कासोन'सारखा एकाला एक चौकोन जोडत जायचा खेळ असेल तर जाड विणीवर तुकडे तिरके बसतात, मग चादरीखाली प्लायवूडचा तुकडा सरकवा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी डाव संपल्यावर. चटणीच्या तेलाचा डाग पत्त्यावर पडला की तो पत्ता जन्मभर पाठीवरून ओळखू येतो. पट्टीचे खेळाडू नेमका तोच लक्षात ठेवतात.

शिकवायचं कसं

डबा आल्याच्या दिवशी माणसं बोलावू नका. आदल्या रात्री एकटीनं बसून पुठ्ठ्याचे तुकडे सोडवा, पट मांडा, दोन्ही बाजूंनी स्वतःच चार-पाच पाळ्या खेळून बघा. मग सांगताना आधी जिंकायचं कसं ते सांगा, मग डाव संपतो कधी, मग पाळीत काय करायचं. बारीकसारीक अपवाद ते समोर आल्यावर सांगा. पहिली फेरी पत्ते उघडे ठेवून खेळायची, गुण धरायचे नाहीत. दहा-बारा मिनिटांत पहिली चाल झाली पाहिजे. माझा सव्वा तास आठवा. आणि पहिल्या डावात तुम्ही जिंकू नका, निदान जिंकायची घाई करू नका.

पैसे कुठं घालायचे

सोलापूरच्या नवी पेठेत मी खेळण्यांची दुकानं पालथी घातली, तेव्हा कॅरम, लूडो, 'व्यापार' आणि बुद्धिबळ यांपलीकडं फारसं मिळालं नाही, म्हणून बहुतेक सगळं मागवूनच घेते. कधी पुण्याला काम निघालं की सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, काम उरकून एखाद्या बोर्डगेम कॅफेत दोन तास बसायचं, जो घ्यायचा मनात आहे तोच तिथं खेळून बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. तासाचे पैसे पडतात, पण चुकीच्या डब्यापेक्षा कमीच.

निम्म्या किमतीत मिळतोय म्हणून हुरळू नका. मी एकदा अशीच फसले. डबा आला तो पिशवीत गुंडाळून, पत्ते पिंपळाच्या वाळक्या पानासारखे, छपाई पुसट, आणि बाजूला प्रकाशकाचं नावच नाही. नकली होता. विकणाऱ्यानं पैसे परत द्यायला दीड महिना फिरवलं. तेव्हा प्रकाशकाचं आणि खेळ रचणाऱ्याचं नाव डब्यावर दिसतंय का, हे फोटोतच बघून घ्या.

जोड-डबे पहिल्या वर्षी एकही नको. एक खेळ दहादा खेळून झाला, पत्ते कडेला मऊ पडले, मग दुसरा. आमच्या 'टिकेट टू राइड'च्या तळाशी मामांनी पेन्सिलीनं डावांची संख्या लिहून ठेवलीय, पाच-पाचच्या काड्यांच्या जुड्या करून, गाडीच्या डब्यांची मोजणी करायचे तशी. नातवानं परवा काड्या मोजल्या, सत्त्याऐंशी निघाल्या, आणि त्यातल्या किती मामांनी जिंकल्या यावर अजून वाद चालू आहे.